देहबुद्धीचा त्याग आणि देहाची जाण

मराठी संतपरंपरेने आणि तिला आधारभूत असलेल्या वेदान्ताने साधकापुढे एक अट सातत्याने ठेवली आहे, ती म्हणजे देहबुद्धीचा त्याग. देहबुद्धी म्हणजे ‘हा देह म्हणजेच मी’ ही दृढ समजूत. तिच्यातूनच देहाचा अभिमान, देहासंबंधीचे भय आणि देहाच्या नात्यांची आसक्ती उत्पन्न होते आणि ती सुटल्याखेरीज आत्मज्ञान संभवत नाही, असे ही परंपरा सांगते. दुसऱ्या बाजूला घोटा, गुडघा, खुबा, खांदा हे सांधे निरोगी आणि स्थिर राहावेत यासाठी आजचे शरीरक्रियाशास्त्र आणि भौतिकोपचार यांनी जी शिकवण पुढे आणली आहे, तिचा सारा भर देहाकडे लक्ष देण्यावरच आहे. एका पायावर उभे राहताना, डोळे मिटून तोल सांभाळताना किंवा डगमगत्या फळीवर पाय रोवताना आपले अवयव कोठे आहेत आणि भार कोणत्या बाजूला सरकतो आहे, हे क्षणोक्षणी जाणावे लागते. तेव्हा प्रश्न असा उद्भवतो की, देह विसरण्याची आज्ञा आणि देह जाणण्याचे शिक्षण या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत काय, आणि धर्मनिष्ठ माणसाने आपल्या सांध्यांकडे असे बारकाईने लक्ष देणे ही साधनेतील माघार मानावी काय.

या प्रश्नाचा विचार करण्यास नाशिकइतके अनुरूप क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमावरील टाकळी येथे समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील कोठुरे हे मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवन करणाऱ्या बाळंभटदादा देवधरांचे गाव. बागलाणातील मांगीतुंगीच्या डोंगरावर २०१६ मध्ये प्रतिष्ठापना झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती ज्या मुद्रेत उभी आहे, ती कायोत्सर्गाची आहे. आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेचे साधक मस्तकापासून पायांपर्यंत देहातील संवेदनांचे निरीक्षण करीत आले आहेत. देह सोडण्याची आणि देह पाहण्याची अशी दोन्ही अनुशासने एकाच जिल्ह्याच्या भूमीवर शेजारी शेजारी नांदत आली आहेत आणि येथील भाविकाला त्यांत विसंगती जाणवलेली दिसत नाही. ही विसंगती का जाणवली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

आरंभ टाकळीपासून करणे योग्य ठरेल. परंपरेनुसार समर्थ इसवी सन १६२० च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षी नाशिकला आले आणि १६३२ पर्यंत टाकळीस राहिले. या काळातील त्यांच्या दिनक्रमाचे जे वर्णन चरित्रकारांनी केले आहे, त्यात दोन गोष्टी नित्य आढळतात: पहाटे उठून घातलेले बाराशे सूर्यनमस्कार, आणि त्यानंतर मध्यान्हापर्यंत संगमाच्या कमरेइतक्या पाण्यात उभे राहून केलेला जप, ज्या वेळी मासे पायांना टोचत असूनही त्यांना त्याचे भान नसे. सूर्यनमस्कारांची संख्या अक्षरशः घ्यावी की श्रद्धेचे माप म्हणून घ्यावी, हा वाद येथे गौण आहे. महत्त्वाचे आहे ते असे की, परंपरेने देहाचे काटेकोर शिक्षण आणि देहाचे संपूर्ण विस्मरण या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या एकाच सकाळी एकामागून एक ठेवल्या, आणि त्यांचा क्रमही अर्थपूर्ण ठेवला. सूर्यनमस्कारात शरीराचा भार पायांवरून हातांवर, एका पायावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा दोन्ही पायांवर येतो, म्हणजे तो एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत तोल न गमावता जाण्याचा अभ्यास असतो. त्यानंतर वाहत्या पाण्यात, पायाखालची वाळू सरकत असताना तासन्‌तास उभे राहणे हे ज्याचे पाय शिक्षित आहेत त्यालाच शक्य होते. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा सुमारे निम्मा भार पाणी उचलते आणि आजचे भौतिकोपचारतज्ज्ञही दुखावलेल्या सांध्यांना प्रथम पाण्यातच चालवतात, हे लक्षात घेतले तर त्या उभे राहण्याकडे केवळ सहनशीलतेची कसोटी म्हणून पाहणे अपुरे वाटू लागते.

दासबोधातही हीच दुहेरी दृष्टी आहे. पहिल्या दशकाच्या दहाव्या समासात नरदेहाचे स्तवन आहे. परमार्थ साधण्याचे एकमेव साधन म्हणून त्याची थोरवी तेथे गायिली आहे. तिसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात, जन्मदुःखाचे निरूपण करताना, त्याच देहाच्या अमंगलतेचे असे कठोर वर्णन येते की वाचणाऱ्याला त्याची किळस यावी. एकाच ग्रंथातील या दोन समासांचा मेळ घालताना अनेक जण पहिल्या दशकातील समास ही प्रस्तावना आणि तिसऱ्यातील हा सिद्धान्त असे मानून मोकळे होतात. हे योग्य नव्हे. स्तवन आहे ते साधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या देहाचे. निंदा आहे ती साध्य मानल्या गेलेल्या देहाची. मात्र नरदेहस्तवनाच्या समासात एक मर्यादाही आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे: पांगळा, थोटा किंवा अंध देह परोपकाराच्या कामी येत नाही, असा जो विचार तेथे मांडला आहे, तो आज स्वीकारता येणार नाही. देहाची जाण अवयवांच्या पूर्णतेवर अवलंबून नसते. कुबडी किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्या माणसाला आपल्या भाराचे आणि तोलाचे जे सूक्ष्म ज्ञान कमवावे लागते, ते धडधाकट माणसाला बहुधा कधीच लाभत नाही.

आता ही जाण म्हणजे नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे. डोळे मिटलेले असताना आपला हात डोक्यावर आहे की मांडीवर, गुडघा वाकलेला आहे की सरळ, हे माणसाला न पाहता, न चाचपता कळते. या ज्ञानाला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये जी संज्ञा दिली, तिच्यावरून आज ते प्रोप्रिओसेप्शन या नावाने ओळखले जाते; मराठीत त्यास अंगस्थितीची जाण म्हणता येईल. तिचे स्रोत अनेक आहेत: स्नायूंच्या तंतूंमध्ये वसलेले आणि ताण व त्याचा वेग मोजणारे तर्कूच्या आकाराचे संवेदक, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांमधील भार मोजणारे संवेदक, आणि सांध्याभोवतीचे संपुट व अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे, यांतील संवेदक. त्यांच्याकडून येणारी वार्ता, अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांकडून आणि त्यांच्याजवळील दोन कोशिकांकडून येणारी डोक्याच्या हालचालीची वार्ता आणि डोळ्यांनी दिसणारे दृश्य, या तिन्हींचा मेळ मेंदू घालतो, आणि लहान मेंदू त्यानुसार स्नायूंना दुरुस्तीचे आदेश पाठवतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्य मोरित्स रोमबेर्ग यांनी वर्णिलेली चाचणी याच मेळावर आधारलेली आहे: पाय जोडून उभ्या असलेल्या माणसाने डोळे मिटताच तो कोसळू लागला, तर त्याची अंगस्थितीची जाण क्षीण झाली आहे आणि तो आजवर केवळ डोळ्यांच्या आधारे उभा होता, असे अनुमान करतात.

सांध्याची स्थिरता हाडांच्या आकारावर आणि अस्थिबंधांच्या बळकटीवर अवलंबून असते, ही सर्वसामान्य समजूत अपुरी आहे. घोटा मुरगळला, सूज उतरली, वेदना थांबली, तरी तोच घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ब्रिटनमधील शल्यविशारद मायकेल फ्रीमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, इजेच्या वेळी अस्थिबंधाबरोबर त्यातील संवेदक मज्जातंतूही दुखावतात, त्यामुळे सांधा बाह्यतः बरा झाला तरी त्याची वार्ता मेंदूकडे नीट पोचत नाही. आणि डगमगत्या फळीवर उभे राहण्यासारख्या अभ्यासाने ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढता येते. त्यांच्या स्पष्टीकरणात पुढे अनेक सुधारणा झाल्या, पण तोलाच्या शिक्षणामुळे घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते, हे नंतरच्या अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. यामागचे कारण तत्त्वचिंतकानेही ध्यानात घ्यावे असे आहे. पाय वाकडा पडून घोटा मुरगळण्याची क्रिया इतकी वेगवान असते की, धोका कळल्यावर स्नायूंनी सावरेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. म्हणून शिक्षित पायाचे रक्षण होते ते प्रतिकाराच्या वेगामुळे तितके नव्हे, जितके पाय जमिनीवर टेकण्यापूर्वीच स्नायूंनी घेतलेल्या सिद्धतेमुळे होते.

याच संदर्भात स्थैर्याविषयीची एक भ्रांत कल्पना दूर करावी लागते. उभा असलेला माणूस कधीही निश्चल नसतो. त्याचा गुरुत्वमध्य पावलांनी व्यापलेल्या लहानशा क्षेत्राच्या वर सतत पुढेमागे झुकत असतो आणि पोटऱ्यांचे व घोट्यांचे स्नायू प्रत्येक झोक अल्पशा विरोधी हालचालीने परतवत असतात. मांगीतुंगीची पाषाणमूर्ती निश्चल आहे, परंतु ती ज्या मुनीचे रूप दाखवते तो जिवंत मुनी कायोत्सर्गात, म्हणजे देहाविषयीचे ममत्व सोडून उभे राहण्याच्या त्या जैन व्रतात, असंख्य सूक्ष्म दुरुस्त्यांच्या बळावरच उभा राहिलेला असतो. देहाचा उत्सर्ग उभे राहून करावा, असे या परंपरेने सांगितले, ही गोष्ट मोठी मार्मिक आहे. कारण निजलेल्या देहाचे भान कोणाचेही जाते, परंतु उभ्या देहावरील ममत्व सोडायचे तर त्याला उभे ठेवणारी जाण इतकी परिपक्व असावी लागते की तिला साधकाच्या हस्तक्षेपाची गरज उरू नये.

स्थैर्याचा विचार जुन्या शास्त्रांनीही केला आहे. चरकसंहितेने व्यायामाची जी व्याख्या केली आहे, तीत शरीराच्या इष्ट हालचालीची दोन फळे सांगितली आहेत आणि त्यांत बळाच्याही आधी स्थैर्याचा उल्लेख आहे. सुश्रुताने शरीरातील दोनशे दहा संधींची गणना करून त्यांचे चल आणि स्थिर असे दोन वर्ग पाडले. पतंजलीने आसनाच्या लक्षणात स्थिरता आणि सुख यांना एकत्र आणले आणि ते प्रयत्नाच्या शिथिलतेने सिद्ध होते असे म्हटले. त्याचे फळ म्हणून शीतोष्णादी द्वंद्वांचा आघात होत नाही, असेही सांगितले. प्रयत्नाची शिथिलता म्हणजे प्रयत्नाचा अभाव नव्हे. जो कधीच आसनाला बसला नाही त्याचा प्रयत्न शिथिल होत नाही, तो सुरूच झालेला नसतो. नाशिकमध्ये १९७८ पासून योगविद्याधाम या संस्थेच्या द्वारे विश्वास मंडलिक यांनी योगाच्या पद्धतशीर शिक्षणाची जी परंपरा उभी केली, तिच्यासारख्या कार्याचे महत्त्व या दृष्टीने समजून घेतले पाहिजे: शिथिलतेपर्यंत पोचण्यासाठी आधी शिकावे लागते.

शिकण्याची ही वाट मल्लखांबाइतकी स्पष्टपणे क्वचितच दिसते. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लासात मल्लांच्या सरावात खांबावरील श्रमाचा उल्लेख येतो. पुढे ही विद्या मागे पडली आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तिला नवे रूप दिले. आख्यायिका अशी की, निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले, तेव्हा तरुण बाळंभटांनी वणीच्या सप्तशृंगगडावर देवीची उपासना केली आणि तेथे त्यांना मारुतीकडून खांबावरील पकडींचा दृष्टान्त झाला. या आख्यायिकेचा ऐतिहासिक अंश किती, हे ठरवण्यापेक्षा तिने काय मानले हे अधिक बोलके आहे: देहाचे कौशल्य हे उपासनेचे फळ म्हणून लाभते आणि ते देणारा देव मारुती आहे, ज्याचे बळ परंपरेने नेहमी दास्यभावाशी जोडलेले आहे. तालमीत आजही मारुतीला नमस्कार करून आणि खांबाला सलामी देऊन अभ्यासाला आरंभ होतो.

पुरलेला मल्लखांब जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच असतो. खालून वर निमुळत्या होत जाणाऱ्या त्याच्या भागांना अंग, मान आणि बोंड अशी नावे आहेत, आणि कातडी सोलावी इतका तो कोरडा राहू नये यासाठी त्याला एरंडेल लावतात. अढी, तेढी, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा अशा उड्या आणि पकडी करताना खेळाडूचे डोके कित्येकदा खाली आणि पाय वर असतात, खांब पाठीमागे असतो, आणि म्हणून डोळ्यांना पाहण्यासारखे काही उरत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला, बगलेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात खांबाची जाडी जशी जाणवते, तशी पकड सैल वा घट्ट करावी लागते. ताजवा या प्रकारात बोंडाच्या चिमुकल्या माथ्यावर शरीर आडवे तोलून धरले जाते. खांदा हा शरीरातील सर्वांत उथळ खोबणीचा, म्हणून सर्वांत सैल सांधा आहे आणि त्याला जागेवर ठेवण्याचे काम मुख्यतः त्याच्याभोवतीचे स्नायू करतात. मल्लखांबपटूच्या खांद्याची स्थिरता या स्नायूंच्या बळाइतकीच त्यांच्या वेळेवर जागे होण्यातून येते. येथे हेही सांगितले पाहिजे की हा अभ्यास जाणत्या गुरूच्या नजरेखाली आणि लहानपणापासून पायरीपायरीने करायचा आहे. प्रौढ वयात सांध्यांच्या आरोग्यासाठी कोणी थेट बोंडावर चढावे, असा याचा अर्थ नाही.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आक्षेप यानंतर येतो, आणि तो शंकराचार्यांच्या अध्यासभाष्याच्या आधारे मांडता येतो. अध्यास म्हणजे एका वस्तूच्या धर्मांचा दुसऱ्या वस्तूवर आरोप. आचार्य त्याची उदाहरणे देताना म्हणतात की, माणूस देहाचे धर्म आत्म्यावर लादून मी लठ्ठ आहे, मी कृश आहे असे मानतो, आणि त्याच ओघात ते उभे राहणे, चालणे आणि उडी मारणे यांचाही उल्लेख करतात. म्हणजे तोलाच्या अभ्यासात जे शिकवले जाते, तेच आचार्यांनी भ्रमाचे उदाहरण म्हणून निवडले आहे. मग एका पायावर एकाग्रतेने उभा राहणारा माणूस ‘मी उभा आहे’ हा भ्रम अधिकच दृढ करीत नाही काय? शिवाय अंगस्थितीची जाण ही घटापटाच्या ज्ञानासारखी परकी नसते. ती ‘माझे’ हा शिक्का घेऊनच येते, आणि म्हणून ती तोडण्यास अधिकच कठीण, असेही म्हणता येईल.

या आक्षेपाचे उत्तर एका दुर्दैवी परंतु अतिशय उद्बोधक घटनेत मिळते. १९७१ मध्ये ब्रिटनमधील एका एकोणीस वर्षांच्या तरुणाला विषाणुसंसर्गानंतर असा विकार जडला की, मानेखालच्या साऱ्या शरीराची स्पर्शाची आणि अंगस्थितीची जाण नष्ट झाली. स्नायूंमध्ये शक्ती होती, वेदना आणि उष्णता कळत होती, परंतु आपला हात कोठे आहे हे न पाहता सांगता येत नव्हते. वैद्यकशास्त्रज्ञ जोनाथन कोल यांनी १९९१ मध्ये त्याच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्या तरुणाने असामान्य जिद्दीने पुन्हा चालण्याची कला कमावली, परंतु ती केवळ डोळ्यांनी प्रत्येक अवयवाकडे पाहून आणि प्रत्येक हालचाल आधी मनात योजून. दिवे गेले की तो उभ्या जागी कोसळे, आणि चालता चालता मन दुसरीकडे गेले तरी तोल जाई. देहाची जाण हीच जर देहबुद्धी असती, तर ती हरवल्यावर हा मनुष्य देहातून मोकळा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्याला जागेपणीच्या प्रत्येक क्षणी देहाचाच विचार करावा लागला. जाण नाहीशी झाल्याने देह विसरला गेला नाही. तो पूर्वी कधी नव्हता इतका समोर येऊन उभा राहिला.

यावरून विस्मरणाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एक अज्ञानातले विस्मरण, ज्यात देहाकडे दुर्लक्ष होते आणि तो दुर्लक्षित देह पुढे दुखऱ्या गुडघ्याच्या, वारंवार मुरगळणाऱ्या घोट्याच्या, पडण्याच्या भीतीच्या रूपाने आपला हक्क सांगत परत येतो. जपाला बसलेल्या माणसाचे चित्त गुडघ्याकडे ओढले जाते, ते त्याची देहबुद्धी तीव्र आहे म्हणून नव्हे, तर गुडघ्याची वेळेवर काळजी घेतली गेली नाही म्हणून. दुसरे सिद्धीनंतरचे विस्मरण, ज्यात शिकलेली जाण इतकी खोल उतरते की देह आपले काम आपण करतो आणि चित्त अन्यत्र मोकळे होते. टाकळीच्या संगमात उभ्या असलेल्या तपस्व्याचे विस्मरण या दुसऱ्या प्रकारचे होते. म्हणूनच परंपरेने त्याआधी सूर्यनमस्कार ठेवले, असे म्हणणे सयुक्तिक आहे.

अध्यासाच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर आहे, आणि ते गीतेतून मिळते. तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले आहे, आणि या दोहोंच्या ज्ञानाला ज्ञान ही पदवी दिली आहे. केवळ क्षेत्रज्ञाच्या ज्ञानाला नव्हे. जे जाणले जाते ते जाणणाऱ्याहून भिन्न असते, हा वेदान्ताचा द्रष्टा आणि दृश्य यांचा विवेक आहे. डोळे मिटून एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसाने शांतपणे पाहिले, तर त्याला दिसते की झोक जातो, घोटा त्याला सावरतो, पुन्हा झोक जातो, पुन्हा तो सावरला जातो, आणि यांतील एकही दुरुस्ती ‘मी करतो’ असे ठरवून झालेली नसते; निर्णय मनात उमटण्यापूर्वीच ती होऊन गेलेली असते. पाहत असता, ऐकत असता, चालत असता मी काही करीत नाही असे तत्त्ववेत्त्याने मानावे, असे गीतेचा पाचवा अध्याय सांगतो. तोलाच्या अभ्यासात त्याचा अनुभव येण्यास निदान आरंभ होतो. विपश्यनेच्या साधकाला संवेदनांचे उदय-व्यय पाहताना जे कळते, त्याच्याशी याचे नाते आहे, जरी दोन्ही अभ्यास एक नव्हेत: विपश्यना संवेदनांच्या अनित्यतेकडे नेते, तोलाचे शिक्षण सांध्यांच्या रक्षणाकडे. त्यांची सरमिसळ करून व्यायामाला मोक्षमार्ग म्हणणे हे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. उत्तम मल्लखांबपटू ज्ञानी असतोच असे नाही. कौशल्यही अहंकाराला खाद्य पुरवू शकते.

तरीही अहंकार देहाच्या ज्या रूपावर पोसतो ते रूप वेगळे असते, हे नोंदले पाहिजे. देहाभिमान असतो तो इतरांना दिसणाऱ्या देहाचा, म्हणजे वर्ण, रूप, दंडाचा घेर, वयाची खूण यांचा, आणि तो आरशाच्या आधाराने वाढतो. घोट्याचा कोन आणि तळपायावरील भार आरशात दिसत नाहीत, त्यांना सौंदर्य नाही, त्यांची कोणाशी तुलना होत नाही. आतून जाणलेल्या देहाला गर्व करण्यासारखे फार थोडे सापडते. म्हणून देहबुद्धी आणि देहाची जाण यांचे क्षेत्रच निराळे आहे, हा येथील प्रतिपादनाचा मुख्य निष्कर्ष होय.

या निष्कर्षाच्या प्रकाशात सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या खडेश्वरी साधूंच्या व्रताचाही विचार करावा लागतो. वर्षानुवर्षे न बसता, न निजता, झोळीच्या आधाराने उभे राहण्याच्या या व्रतामागील निष्ठा निःसंशय आदरास पात्र आहे. परंतु फार काळ न हलता उभे राहिल्याने पोटऱ्यांच्या स्नायूंकडून रक्त वर ढकलण्याचे काम मंदावते, पाय सुजतात, त्वचा फाटते आणि सांधे ताठरतात. आणि शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहातील भूतसमूहाला क्लेश देणाऱ्यांविषयी गीतेच्या सतराव्या अध्यायाने दिलेला अभिप्राय प्रतिकूल आहे. सहाव्या अध्यायातील योग आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांत युक्त असणाऱ्यालाच साधतो. उभे राहण्याची साधना करायची तर ती टाकळीच्या दिशेने जावी, हे या दोन्ही अध्यायांशी अधिक सुसंगत आहे.

सामान्य भाविकाच्या दृष्टीने या विवेचनाचे तात्पर्य अगदी व्यवहाराचे आहे. ब्राझीलमधील एका अभ्यासात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १७०२ व्यक्तींना दहा सेकंद एका पायावर उभे राहण्यास सांगितले, तेव्हा सुमारे पाचांतील एकाला ते जमले नाही, आणि पुढील सुमारे सात वर्षांत ज्यांना ते जमले नव्हते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. तोल हे त्याचे कारण होते असे यावरून सिद्ध होत नाही, परंतु तो आरोग्याचा एक विश्वसनीय सूचक आहे, एवढे मानण्यास हरकत नाही. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारे, सप्तशृंगगडाच्या शेकडो पायऱ्या चढणारे आणि रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या उतरणारे असंख्य वृद्ध नाशिकच्या धर्मजीवनाचा कणा आहेत, आणि त्यांच्यासाठी चढण्यापेक्षा उतरणे, कोरड्या जमिनीपेक्षा ओली पायरी अधिक धोक्याची असते. भिंतीचा किंवा जड खुर्चीचा आधार हाताशी ठेवून दिवसातून दोनतीन वेळा आळीपाळीने एका पायावर उभे राहणे, ते साधल्यावर आधार एका बोटापुरता ठेवणे, टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावीत सरळ रेषेत चालणे, आणि या सर्वांत बराच काळ गेल्यावरच, जवळ कोणी असताना, डोळे मिटून पाहणे, इतका अभ्यास बहुतेकांना झेपणारा आहे. चक्कर येत असल्यास, पायांना बधिरता असल्यास, पूर्वी सांध्याची इजा वा शस्त्रक्रिया झाली असल्यास तो भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच सुरू करावा.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, आणि भौतिकोपचाराचे पदवी शिक्षण त्याच्याच कक्षेत चालते. शहरात जुन्या तालमी आहेत, मल्लखांब शिकवणारे गुरू आहेत, आणि प्रत्येक पेठेत सकाळ-संध्याकाळ भजनाला जमणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. २०२७ च्या सिंहस्थातील पर्वस्नानांपूर्वी तालमींनी आठवड्यातील एक सकाळ साठीपुढील स्त्री-पुरुषांच्या तोलाच्या अभ्यासासाठी राखून ठेवावी, भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांनी तेथे मार्गदर्शनास उपस्थित राहावे, आणि भजनी मंडळांनी आपल्या सभासदांना तेथे आग्रहाने न्यावे.